साभार परत हवं आहे

मराठीत छापून यायला पूर्वी प्रतिभा लागायची, नाहीतर निदान ओळख लागायची. आता यूपीआय लागतो. वीस ओळींच्या आतली एक कविता, पासपोर्ट आकाराचा एक फोटो आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट एवढं एका मोबाइल क्रमांकावर पाठवलं की माणूस 'प्रातिनिधिक काव्यसंग्रहा'त दाखल होतो. दोन प्रती घरपोच, सोबत प्रमाणपत्र. थोडे जास्त भरले तर सन्मानचिन्ह. संग्रह नेमका कुणाचं प्रतिनिधित्व करतो, असं कुणी विचारत नाही. ज्यांनी पैसे भरले त्यांचं करतो, आणि तेवढं प्रतिनिधित्व प्रामाणिकच म्हणायला हवं.

हौशी लेखकाला आज सगळं मिळतं. प्रस्तावना मिळते, प्रकाशन समारंभ मिळतो, 'राज्यस्तरीय' पुरस्कार मिळतो, लेखन सुधारण्याच्या कार्यशाळेत नाश्त्यासकट प्रवेश मिळतो. फक्त नकार मिळत नाही. आणि लिहिणं सुधारण्याची जेवढी म्हणून साधनं मराठीत आजवर निघाली, त्यांत नकाराइतकं स्वस्त आणि गुणकारी दुसरं कुठलंच नव्हतं, असं माझं ठाम मत आहे.

जुनी पद्धत नव्या लोकांना माहीत नसेल. कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, सुवाच्य अक्षरात कथा लिहायची. स्थळप्रत स्वतःजवळ ठेवायची, कारण गहाळ झाल्यास संपादक जबाबदार नसत. पाकिटात आणखी एक पाकीट घालायचं, त्यावर स्वतःचाच पत्ता लिहायचा आणि स्वतःच्याच पैशानं तिकिटं डकवायची. म्हणजे नकाराचा खर्च आगाऊ भरायचा. मग काही आठवड्यांनी आपल्याच अक्षरातलं पाकीट आपल्याच दारात पडायचं. पोस्टमनला कळायचं, शेजाऱ्यांना कळायचं, आणि घरच्यांना तर नुसत्या पाकिटाच्या जाडीवरून कळायचं. जाड पाकीट म्हणजे कथा परत, पातळ पाकीट म्हणजे स्वीकार. जाडीवरून लेखनाचा दर्जा ठरवण्याचा मराठी साहित्यातला एवढा एकच प्रकार न्याय्य होता.

तरी लोक पाठवत. 'सत्यकथे'कडे तर हट्टानं पाठवत. तिथे श्री. पु. भागवत होते, राम पटवर्धन होते. आणि कथा नुसती परत करून ही मंडळी मोकळी होत नसत. काय बसत नाही ते कळवायचं, पुन्हा लिहायला लावायचं, पुन्हा वाचायचं, ही तिथली रीत. एकच कथा गिरगावात जाऊन पुन्हा गावी यायची, पुन्हा गिरगावात जायची. नायकापेक्षा कथेचाच प्रवास जास्त व्हायचा. १९६९ साली लघुअनियतकालिकांतल्या तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. भांडण मोठं होतं, अभिरुचीचं होतं, प्रस्थापितांशी होतं. पण एका मासिकाचा होकार-नकार इतक्या लोकांना इतका महत्त्वाचा वाटत होता, याचंच मला अप्रूप वाटतं. आज एखाद्या अंकाची होळी करायची ठरली तर आधी तो विकत घ्यावा लागेल, आणि चळवळ तिथेच थंडावेल. १९८२ साली 'सत्यकथा' बंद झाली. तेव्हापासून लोक एकमेकांना 'छान' म्हणायला मोकळे झाले.

आपल्याकडच्या सर्वांत प्रसिद्ध हस्तलिखिताची कथासुद्धा परत येण्याचीच आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. तेरा दिवस! एकही पान गहाळ नाही, आणि परतीच्या तिकिटाची मागणी नाही. आज ईमेलनं कथा पाठवली तर तेरा महिन्यांतही निकाल लागत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवली तर दोन निळ्या खुणा दिसतात आणि संपादक दिवंगत नाहीत एवढंच कळतं. पण गप्प बसणं म्हणजे नकार नव्हे. गप्प बसलेल्या संपादकाबद्दल लेखकाला आशा वाटत राहते, आणि आशा वाटत असताना कुणी शेवट बदलत नाही.

नकार संपादकांनीच द्यावा असंही नाही म्हणा. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेला बोलावलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी यायला साफ नकार देणारं पत्र धाडलं. त्या सभेत काय ठरलं ते आज कुणाला सांगता येणार नाही, पण ते पत्र अजून वाचलं जातं. साहित्य संमेलनाच्या कविकट्ट्याला यायला नकार देणारा कवी मात्र अजून जन्माला यायचा आहे.

एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांचं पहिलं वाचन करण्याचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं, म्हणून हे एवढं बोलतो आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा पुढे महाराष्ट्रातली दिवाळी मे महिन्यातच सुरू होईल याची त्यांना कल्पना नसणार. मे-जूनमध्ये संपादकांची निमंत्रणं जातात, जुलैअखेर साहित्य मागवलेलं असतं, आणि मान्यवर लेखक एकाच पावसाळ्यात पाच-सहा अंकांसाठी पाच-सहा कथा लिहितात. दिवाळी अंकातल्या कथांत एवढा पाऊस का पडतो, याचं कारण हे आहे. मान्यवरांचा पाऊस छापावाच लागतो. नवोदितांचा आधी वाचावा लागतो.

नवोदितांच्या कथेत पहिल्या ओळीत पाऊस तरी पडतो नाहीतर फोन तरी वाजतो. पाऊस असेल तर नायिका खिडकीत असते आणि तिच्या हातात कॉफीचा वाफाळता मग असतो. महाराष्ट्रात घरोघरी चहा उकळतो, पण कथेत शिरताना उंबरठ्यावर त्याची कॉफी होते आणि कपाचा मग होतो. फोन असेल तर अमेरिकेतल्या मुलाचा असतो, आणि नेमकं त्याच दिवशी बाबांनी माळ्यावरून त्याची तीनचाकी काढलेली असते. निम्म्या कथांत शेवटी कुणीतरी मरतं. उरलेल्या निम्म्यांत, ज्याला आपण इतका वेळ जिवंत समजत होतो तो आधीच मेलेला निघतो. अधूनमधून एखाद्या कथेत सगळे जिवंत असतात, पण तिथे शेवटच्या ओळीत नायिकेला जाग येते.

ग्रामीण कथेचं दुःख निराळं. ती बहुधा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लिहिलेली असते. एका कथेतला गावचा पाटील पहिल्या पानावर कोल्हापुरी बोलत होता, तिसऱ्या पानावर वऱ्हाडी, आणि मरताना मालवणी. मी लेखकांना फोन केला.

"सर, पाटील नेमके कुठले?"

"गाव काल्पनिक आहे," ते शांतपणे म्हणाले.

व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ साली पुस्तकरूपानं आली. ती वाचताना कुठल्याच माणसाला गाव विचारावं लागत नाही, कारण बोलणं कानातून आलेलं आहे. तंत्र म्हणून सांगायचं तर एवढंच: आपण लिहिलेला संवाद मोठ्यानं वाचावा, आणि तो ऐकून घरातलं माणूस "कोण आलंय?" असं म्हणत बाहेर आलं तर ठेवावा. पण हे कुणी करत नाही. मोठ्यानं वाचायचं म्हणजे व्यासपीठ लागतं, अशी आपल्याकडे समजूत आहे.

आणि 'कोसला'! १९६३ साली ती आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. तेव्हापासून पंचविशीतला मराठी मुलगा वसतिगृहात राहायला गेला की 'वगैरे' लिहू लागतो. साठ वर्षं उलटली, साथ ओसरत नाही. 'वगैरे' लिहायला सोपं असतं. त्याच्या आधी काहीतरी सांगावं लागतं, तिथे मुलं अडतात.

लिहिणं शिकवता येतं का, हा वाद आपल्याकडे जुना आहे. ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचं तंत्र मांडलं आणि तंत्रवादी म्हणून पुष्कळ बोलणी खाल्ली. मला फडक्यांची एक गोष्ट आवडते. कथानक, पात्रं, निवेदन अशा हाताला लागणाऱ्या गोष्टींबद्दल ते बोलतात. आताच्या कार्यशाळेत हाताला लागते ती फक्त प्लॅस्टिकची फाइल. बाकी सगळा उपदेश वायुरूप असतो: आतून आलं पाहिजे, स्वतःशी प्रामाणिक राहा, भरपूर वाचा. भरपूर म्हणजे काय वाचायचं ते बाहेरच्या टेबलावर मांडलेलं असतं, मार्गदर्शकांच्याच सहीसह, सवलतीत.

कोकणातल्या एका निवासी कार्यशाळेला मी निरीक्षक म्हणून गेलो होतो. समुद्राकडे बघायचं आणि पाच मिनिटांत सुचेल ते लिहायचं, असा पाठ होता. सगळ्यांना समुद्रच सुचला. कुणाला तो अथांग वाटला, कुणाला आईसारखा, एकाला दोन्ही. एका बाईंनी तेवढं, दुपारच्या सुरमईच्या थाळीचा भाव ऐकल्यावर नवऱ्यानं 'मला आज भूक नाही' असं कसं जाहीर केलं आणि मग तिच्याच ताटातली अर्धी तुकडी कशी खाल्ली, ते लिहिलं होतं. ऐकताना लोक हसले, मागच्या रांगेतले जागे झाले. मार्गदर्शक म्हणाले, "छान. पण ताई, यात साहित्य कुठे आहे?" त्या दिवशी किनाऱ्यावर जे काही साहित्य निर्माण झालं ते तेवढंच होतं. बाई बिचाऱ्या दुसऱ्या दिवशी समुद्रावर लिहून आल्या.

कार्यशाळेत हमखास निघणारं नाव साने गुरुजींचं. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत, नऊ तारखेपासून तेरा तारखेपर्यंत, म्हणजे पाच दिवसांत लिहिली. पाच दिवस सगळे सांगतात. नाशिकचा तुरुंग कुणी सांगत नाही. तुरुंगात लग्नाची आमंत्रणं येत नाहीत, गटावर शुभ सकाळ टाकावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे प्रकरण लिहून झाल्या झाल्या ते सतरा जणांना पाठवण्याची सोय नसते. साधनांचं म्हणाल तर बहिणाबाईंना लिहितासुद्धा येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या, घरच्यांनी उतरवून घेतलं, आणि त्या गेल्यावर १९५२ साली अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं. हे ऐकून प्रत्येक कार्यशाळेत दोन-चार जणांचे डोळे पाणावतात. लॅपटॉप मात्र कुणी परत केल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले आणि त्यांनी कादंबरी लिहिली. लिहिली म्हणजे बोलले. फोन समोर ठेवायचा, आपण बोलत जायचं आणि फोननं टंकत जायचं. त्यामुळे नायक-नायिकेच्या पहिल्या भेटीत 'अहो, बेल वाजतेय, बघा कोण आहे' आणि 'कोथिंबीर दहाची घेऊ का वीसची' अशी वाक्यं आली. काकांनी ती काढली नाहीत, कारण त्यांना ती सापडलीच नाहीत. पुढे एका समीक्षकांनी या शैलीला संज्ञाप्रवाही निवेदन म्हटलं आणि त्या वाक्यांना स्त्रीचा दडपलेला आवाज.

"दडपलेला कसला?" काकू म्हणाल्या. "मी स्वयंपाकघरातून ओरडत होते."

मग शुद्धलेखन आलं. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली चौदा होते, १९७२ साली आणखी चार आले, एकूण अठरा. गीतेचे अध्यायही अठराच, आणि दोन्हींचं आचरण साधारण सारखंच होतं. काकांनी अरुण फडक्यांचं 'शुद्धलेखन ठेवा खिशात' आणलं आणि नावाबरहुकूम खिशात ठेवलं. तेवढ्यात डीटीपीवाला म्हणाला, युनिकोड चालायचं नाही, श्रीलिपीत द्या. रूपांतर करताना रफार उडाले. पानोपानी 'कर्ज'चं 'कज' झालं. ज्या माणसाची उभी हयात कर्जात गेली, त्याच्या कर्जाचा रफार गेल्यावर त्याला झोप कशी यावी?

प्रकाशकांनी पॅकेज सांगितलं: मुखपृष्ठ, आयएसबीएन, प्रती, फेसबुकवर जाहिरात. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. काकांच्या पावतीवर त्याचे वेगळे पैसे लावले होते. बँकेत असताना काकांनी ही रक्कम लांबूनच पकडली असती. पण लेखक झालेला माणूस पावती वाचत नाही, अर्पणपत्रिका वाचतो. एका प्राध्यापकांनी बावीस पानांची प्रस्तावना दिली. तिच्यात काफ्का होता, काम्यू होता, भारतीय कादंबरीचा धावता आढावा होता आणि शेवटच्या पानावर 'प्रस्तुत लेखनही' असा काकांचा उल्लेख होता.

प्रकाशन पुण्यात झालं. मसापचं सभागृह, पत्रकार भवन, एस. एम. जोशी सभागृह या परिसरात शनिवार-रविवारी संध्याकाळी चालत गेलं तर वाटेत दोन-तीन पुस्तकं तरी प्रकाशित होताना दिसतात. मराठी पुस्तक छापून झालं, दुकानात गेलं, तरी ते अप्रकाशितच असतं. ते रंगीत कागदात गुंडाळून, फीत बांधून पाहुण्यांकडून सोडवून घ्यावं लागतं. फीत सुटत नाही. तोवर निवेदिका एक चारोळी म्हणते. तरी सुटत नाही. मग दुसरी म्हणते. शेवटी मागून कुणीतरी कात्री देतं आणि पाच मान्यवर पुस्तक छातीशी धरून फोटोला उभे राहतात. त्यांतल्या एकाचं उलटं असतं. अध्यक्ष म्हणतात, "पुस्तक कालच हातात पडलं, पूर्ण वाचू शकलो नाही, पण चाळताना जाणवलं की..." आणि चाळताना त्यांना जे जे जाणवतं ते आपल्याला दोनदा वाचूनही जाणवत नाही.

नंतर काकांना कुणीतरी १९५४ चा कायदा सांगितला. त्यानुसार प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय इथे धाडायच्या असतात. दुसऱ्या दिवसापासून काका जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले की कादंबरी चारही महानगरांत पोचली. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ती अजून पोचायची होती, पण त्याबद्दल कायद्यात काही नाही.

चार प्रती आणि प्रवेशशुल्क पाठवून दोन राज्यस्तरीय पुरस्कारही झाले. एवढं सगळं यथासांग झाल्यावर एका संध्याकाळी काका माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"एक खरं सांगा. तुम्ही वाचलीत ना कादंबरी?"

"वाचली की, काका."

"कशी वाटली?"

"छान आहे."

"हेच!" काका खुर्चीतून उठलेच. "अहो, मी तीस वर्षं कर्जप्रकरणं बघितली. दहातली सात परत पाठवायचो. कागद अपुरे, जामीनदार कच्चा, उत्पन्नाचा दाखला संशयास्पद. माणसं चिडायची, मागे शिव्या घालायची. पण कागद नीट करून परत यायची. आणि इथे साडेतीनशे पानांचं प्रकरण टेबलावर ठेवलं, तर तारण काय म्हणून एकानं विचारलं नाही! ज्याला त्याला मंजूर! अशी बँक किती दिवस चालेल?"

मराठी साहित्यव्यवहाराचं इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्या परिसंवादात ऐकलेलं नाही.

मी त्यांना जयंत नारळीकरांची हकिकत सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःच्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ, आणि नाव बघून आपल्याला पहिलं बक्षीस देतील याचीच त्याला धास्ती! पहिलं बक्षीस मिळालंच, पण जगतापांना मिळालं. आपल्याकडे नकाराची वाट एवढ्या काळजीनं मोकळी ठेवणारा दुसरा लेखक मला आठवत नाही.

"मग मीही टोपणनावानं पाठवतो," काका म्हणाले.

काकांचं खरं नाव तरी कुठल्या संपादकाला माहीत आहे, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आतून चहा आला.

शेवटी मी एका संपादकांचा पत्ता दिला. सत्तरी ओलांडलेले, तालुक्याच्या गावी स्वतःच्या पेन्शनीवर त्रैमासिक चालवणारे. त्यांचे वर्गणीदार फार नाहीत, कारण पुष्कळसे वर्गणीदार आधी लेखक होते. काकांनी नवी दीर्घकथा त्यांना धाडली. या वेळी हातानं लिहून, एका बाजूला, समास सोडून. महिन्याभरात जाड पाकीट आलं. आत अख्खी कथा, आणि वर निळ्या शाईतलं पत्र:

'पहिली चाळीस पानं काढा. कथा एकेचाळिसाव्या पानावर सुरू होते, शिपाई तिजोरीच्या किल्ल्या परत करायला येतो तिथे. शिपायाला बोलू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. अश्रू नऊ ठिकाणी आहेत, एक ठेवा. सुधारून पाठवा. छापेन असं नाही.'

काकांनी इमारतीत पेढे वाटले. तळमजल्यावरच्या आजींना वाटलं, नातू झाला. "नकार आलाय, आजी, नकार! कारणांसकट!" काका ओरडले. आजींना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांनी बाळ कुणावर गेलंय ते विचारलं.

आणि मग काका कामाला बसले. मी माणसं लिहिताना पुष्कळ पाहिली आहेत, कापताना फार थोडी. काका रोज सकाळी एक पान मोठ्यानं वाचत आणि काकू आतून निकाल देत. "हे मागच्या पानावर झालंय." "तो शिपाई 'संभ्रमित' कशाला म्हणेल?" "इथे मला झोप लागली होती, परत वाचा." शिपाई हळूहळू काकांच्या तावडीतून सुटला. तो खरोखर बँकेतल्या शिपायासारखं बोलू लागला, म्हणजे फारसं बोलेनासाच झाला. चहाचे कप उचलता उचलता साहेबांच्या टेबलावरचे कागद उलटे वाचू लागला. आठ अश्रू पुसले गेले. नवव्याबद्दल घरात मतभेद होते.

सुधारलेली कथा गेली, आणि परत आली. या खेपेचं पत्र लहान होतं: 'आता तेविसाव्या पानावर सुरू होते. प्रगती आहे.'

काका सध्या तिसऱ्यांदा लिहीत आहेत. मात्र मधल्या काळात एक निराळंच घडलं. काढून टाकलेली पानं तशीच टेबलावर पडून होती, आणि तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला बुडीत खात्याची सवय असली तरी आवड नसते. पॅकेजवाल्या प्रकाशकांचा फोन आला, नवं काही आहे का म्हणून. काकांनी पानं मोजली. साठाच्या वर भरत होती. त्यांचं आता 'वगळलेली पानं' या नावानं स्वतंत्र पुस्तक येतं आहे. प्रस्तावना म्हणून संपादकांचं ते पहिलं पत्र घ्यायचं ठरलंय, त्यातलं पहिलं वाक्य तेवढं गाळून. प्रकाशन येत्या रविवारी आहे आणि अध्यक्ष मी आहे. पुस्तक शनिवारी रात्री हातात पडेल, म्हणजे चाळायला वेळ मिळेल. प्रती शंभर छापल्या आहेत, वडे दीडशे सांगितले आहेत.